दुखरा पाय कोणता?

सांगायला लाज वाटते, पण चहा संपेपर्यंत ऐका. एवढी फजिती माझी दुसऱ्या कुणी केली नसती.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. त्याला कॅलिपर लावून साठ वर्षं काढली, ती उजव्या पायाच्या जिवावर. यंदा त्या उजव्याच गुडघ्यानं संप पुकारला. तो बसला म्हणजे मी कायमचा बसलो. म्हणून मंदाला, म्हणजे आमच्या हिला, घेऊन नाशकातला एक दवाखाना गाठला. अपंगांवर उपचार करणारा, आणि दाराशी अकरा पायऱ्या. रॅम्प होता की, पण त्यावर डॉक्टरांची गाडी उभी.

डॉक्टरांनी खिडकीवर भरलेला कागद पाहिला, कॅलिपर पाहिलं. "पोलिओ ना? वय झालं की असं व्हायचंच."

"पण डॉक्टर, गुडघा..."

"फोटो काढून या."

एक्स-रेवाल्यानं डावा पाय टेबलावर घेतला.

"अहो, उजवा दुखतोय."

"काका, कागदावर डावा आहे."

आता बोला. दुखणं माझं, पण शब्द कागदाचा.

व्यायाम करून घेणारी मुलगी कळवणची, स्वभावानं गोड. तिनंही डावाच धरला. मी कुरकुरलो तर म्हणते, "लय घाबरू नका काका, हळूच करते." आठ दिवस न दुखणाऱ्या पायाची बडदास्त चालली, आणि दुखरा शेजारी पडून बघत होता.

नवव्या दिवशी उजवा पाय पायरीवरच लटपटला. मंदानं धरलं म्हणून वाचलो. मग माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर सुरू झालो.

"पोलिओ दिसला की तुम्हाला माणूस दिसत नाही. म्हाताऱ्या अपंगाला दुसरं काही दुखूच नये का? कोणत्या गाढवानं डावा लिहिलं? तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात लोकांचे फॉर्म तपासलेत मी."

डॉक्टर खजील झाले. "चुकलं आमचं. विचारायला हवं होतं."

मंदानं कागद घेतला, चष्मा लावला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे अक्षर तुमचं आहे."

'त्रास कुठे?' याच्यापुढे माझ्या वळणदार अक्षरात 'डावा पाय'. जन्मभर प्रत्येक फॉर्मवर तेच लिहीत आलो, हात आपोआप चालला. साठ वर्षं ज्यानं ओझं वाहिलं, त्याची पाळी आली तेव्हा मलाच त्याचं नाव सुचलं नाही.

त्या मुलीनं कोरा कागद आणला. मी हात पुढे केला. तिनं कागद माझ्यासमोरून पलीकडे, मंदाकडे नेला.

"काकू, तुम्ही भरा."