बटणं

सकाळी बायको माझ्या शर्टाची बटणं लावते, तेव्हा मला माझ्याच हातांची किळस येते. बोटं रताळ्यासारखी सुजतात, मूठ वळत नाही. माझं भिंती रंगवायचं काम सुटलं. दुपारी मात्र हीच बोटं शहाण्यासारखी चालतात, आणि सरकारी दवाखान्यात माझा नंबर लागतो दुपारीच. सात महिने झाले, दुखण्याला कुणी नाव देत नाही. शेजारीण म्हणते, आमवात असेल, रक्त तपासा. पण चिठ्ठी डॉक्टरच देणार ना!

परवा बायकोला म्हटलं, "आज बटणं लावू नको. डॉक्टरला दिसू दे."

"तुमची छाती बघून पळून जाईल तो!"

तसाच गेलो. चार तास बाकड्यावर बसलो. आत पाऊल टाकलं तर डॉक्टर ओरडले, "काका, इथं बायामाणसं आहेत. आधी बटणं लावा!"

घाबरून या बोटांनी सगळी बटणं लावली, गळ्यापर्यंत.

"हात तर मस्त चालतोय," म्हणत डॉक्टरांनी पुढच्याला बोलावलं.

मी जन्मभर साहेब दिसला की वाकलो. हातांनी तेवढंच उचललं माझ्याकडून. थू!

आज पुन्हा बायको बटणं लावतेय आणि हात मेल्यासारखे मांडीवर पडलेत. लाव बाई, इथं कोण साहेब बसलाय, यांनी हलायला?