माईकवरचा माजी सैनिक

प्रादेशिक सेनेत मी वर्षाचे दोन महिने गणवेशात असायचो, उरलेले दहा गावी, वाटूरला, कापसाच्या शेतात. माझ्या निवृत्तीनंतर लेकीला जालन्याच्या, माजी सैनिकांच्या मुलींसाठी असलेल्या वसतिगृहात जागा हवी होती. सैनिक कल्याण कार्यालयाने सांगितलं, सलग सेवा पुरेशी नाही, तुम्ही माजी सैनिक ठरत नाही.

त्याच आठवड्यात सरपंच घरी आले. "फौजीसाहेब, झेंडावंदनाला माजी सैनिक म्हणून सत्कार हाय तुमचा."

शाल-नारळ म्हटलं की मी आधी देणाऱ्याचा चेहरा बघतो.

"मंग तसा दाखला द्या, सरपंच. लेकीच्या अर्जाला जोडतो."

"कागदावर न्हाई जमत. माईकवर म्हणू की, बिलकुल!"

झेंडावंदनाच्या सकाळी मी लेकीसाठी भाड्याची खोली बघायला जालन्याच्या बसमध्ये बसलो. माईकवर तीनदा माझ्या नावाचा पुकारा झाला, असं नंतर कळलं.