विशेष सूचनेचा रकाना

प्रवासाची तिकिटं आणि सहली ठरवून देणाऱ्या त्या दोन टेबलांच्या ऑफिसात ‘चालेल’ या शब्दाला बंदी होती. बंदी घातली होती घंटीबाईंनी. त्यांच्या टेबलावर पितळेची एक घंटी असे, वरून टिचकी मारली की टिंग करणारी. लग्न ठरलेलं जोडपं समोर बसलं आणि दोघांपैकी कुणी ‘चालेल’ म्हणालं, की बाई टिंग करत.

“चालेल म्हणजे काय? आवडेल, की गुपचूप गिळता येईल?”

निम्मे हसत, निम्मे ओशाळत. मालक मागच्या टेबलावरून म्हणत, “बाई, तुमच्या घंटीपायी गिऱ्हाईक पळेल एक दिवस.” पण पळत कुणी नसे. उलट वर्षा-दोन वर्षांनी लेकरू कडेवर घेऊन घंटी दाखवायला येत.

या घंटीचं मूळ बाईंच्या स्वतःच्या मधुचंद्रात होतं. नवऱ्याने विचारलं होतं, “डोंगरावर जाऊ या?” बायकांना थंड हवा आवडते असं त्याला मित्रांनी सांगितलेलं. बाई म्हणाल्या, “चालेल.” त्यांना उंचीची धडकी भरते, हे पहिल्याच आठवड्यात कसं सांगायचं? सहा दिवस त्या दरीकडे पाठ करून बसल्या आणि नवरा सहा दिवस नाक पुसत बसला, कारण त्याला थंडी सोसत नव्हती. हे दोघांना एकमेकांकडून कळलं ते अकरा वर्षांनी, फोटोंचा अल्बम लावताना. पुढच्याच वर्षी बाईंनी ही नोकरी धरली आणि पहिल्या पगारातून घंटी आणली.

जोडप्याला कुठे जायचंय हे त्या आधी विचारतच नसत. त्या विचारत, “गेल्या सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर काय केलंत?” कुणी सांगे झोपलो, कुणी सांगे पंखा खोलून साफ केला. त्यावरून त्यांना माणूस कळे. आणि सगळ्यात शेवटी फॉर्मवरचा ‘विशेष सूचना’ हा रकाना त्या गिऱ्हाइकाकडूनच भरून घेत. तिथे लोक लिहीत: खिडकीची सीट, तिखट कमी, खोली तळमजल्यावर.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता जी जोडी आली तिचं लग्न बारा दिवसांवर होतं. मुलगा बाटल्या भरण्याच्या कारखान्यात लाइनवर सुपरवायझर, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. मुलगी लायब्ररीत काउंटरवर बसणारी, इतक्या हळू आवाजात बोलणारी की जणू पलीकडे कुणी वाचत बसलंय. मुलगा दोन दिवस आधी एकटा येऊन गेला होता. “जरा निवांत बघा, ताई. गर्दी नको, गाणीबिणी नकोत. आणि आमच्या आवाक्यातलं.” बाईंनी डोंगरावरच्या एका छोट्या बंगल्यातली खोली काढून ठेवली होती. ती आज तीनपर्यंत त्याच्या नावाने राखलेली होती, नंतर दुसऱ्या कुणाला जायची.

“गेल्या सुट्टीला दुपारी काय केलंत?” बाईंनी मुलीला विचारलं.

“पुस्तकांना कव्हरं घातली,” ती हसली. “आणि हा आला होता. हा दर गुरुवारी पण येतो लायब्ररीत, माझ्या जेवणाच्या सुट्टीत. दोन बस बदलून. ताप होता तरी आला. मी म्हटलं, अरे कशाला? तर म्हणतो, तूच सांगितलंयस.”

“तुम्ही सांगितलं होतंत?”

“छे! मी कशाला सांगू? याची थट्टा असते.”

मुलगा टेबलावरची माहितीपत्रकं चाळत होता. त्याने मान वर केली नाही.

बाईंनी डोंगरावरचा कागद पुढे सरकवला. मुलीने तो वाचला, पुन्हा वाचला आणि तिचा चेहरा हळूहळू बंद झाला, दार लावून घ्यावं तसा.

“हे डोंगरावरचं आहे,” ती म्हणाली.

“निवांत आहे,” मुलगा म्हणाला. “तुला नको असेल तर दुसरं बघू. मला काहीही चालेल.”

टिंग. मुलगी दचकली. मुलाची पापणीही हलली नाही. मुलगी दचकलेली बघून मात्र त्याने विचारलं, “काय झालं?”

“तू मला शब्द दिला होतास,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज आणखी खाली गेला. “आपण पहिल्यांदा बाहेर भेटलो तेव्हा. बसस्टॉपवर. मी तुला विचारलं, बेटावर नेशील ना? तू म्हणालास, हो, नक्की, शब्द देतो.”

मुलगा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. “बेटावर? मी असं काही म्हणालो नाही.”

“म्हणालास.”

“नाही गं. मला आठवत असतं ना.”

मुलीने पर्स मांडीवर घेतली आणि तिचा पट्टा बोटाभोवती गुंडाळायला लागली. मग ती मुलाशी नाही, बाईंशी बोलली. “ताई, माझे बाबा आयुष्यभर असेच. ‘सायकल आणतो, सहलीला नेतो,’ असा शब्द देतात. आणि विचारलं की, मी कधी म्हणालो? आईने त्यात अर्धं आयुष्य घालवलं. मी एकच ठरवलं होतं, बाकी कसाही असू दे, दिलेल्या शब्दाला नाही म्हणणारा नको. बेटाचं काही नाही हो. पण हा माझ्या तोंडावर नाही म्हणतोय.”

घड्याळात अडीच वाजले होते. मागून मालकांचा भारदस्त आवाज आला, “खोलीचं काय करायचं? त्यांचा फोन येईल आता.”

“घेतो ना, पैसे आणलेत,” मुलगा मागे वळूनही न बघता म्हणाला.

बाईंच्या मनात काहीतरी अडकलं, साडीचा पदर खिळ्याला अडकावा तसं. शेजारी बसलेल्या मुलीचं अर्धं बोलणं याच्यापर्यंत पोचत नव्हतं आणि पाठीमागून बोललेले मालक लख्ख ऐकू आले होते.

त्यांना त्यांचे दीर आठवले. तीस वर्षं पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात काढलेले. दाराची घंटी त्यांना कधी ऐकू आली नाही, पण दार धडधडवलं की आतून ओ द्यायचे. जाऊबाईंचा बारीक आवाज त्यांना अर्धामुर्धाच कळे आणि त्या बिचाऱ्या वर्षानुवर्षं समजत राहिल्या, हा माणूस माझ्याकडे मुद्दाम लक्ष देत नाही.

मुलगा खाली बघून पाकीट काढत होता. बाईंनी घंटीवर टिचकी मारली. टिंग. मग अजून एकदा, जोरात. मालकांनी मागून “अहो बाई!” म्हटलं. मुलगी वैतागून बघायला लागली. मुलगा नोटा हातात घेऊन शांत.

आता बाईंना जे कळलं होतं ते त्यांचं नव्हतं. बोलून टाकावं, तर एका परक्या बाईने टेबलापलीकडून त्याचं गुपित उघडं केलं, असं होणार. न बोलावं, तर ही मुलगी पाच मिनिटांत उठून जाणार आणि बारा दिवसांवरचं लग्न एका न ऐकलेल्या वाक्यापायी मोडणार. मोडलं नाही तर त्याहून वाईट. जाऊबाईंसारखं वर्षानुवर्षं.

मुलगी उभी राहिली. “मी घरी जाते. आईशी बोलते आधी.”

“दोन मिनिटं,” बाई म्हणाल्या. “फक्त दोन मिनिटं बसा. मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय का?”

“आपण आजच भेटलोय, ताई.”

“म्हणूनच मागते. बसा.”

मुलगी खुर्चीच्या कडेवर टेकली. बाईंनी एका कोऱ्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या, चिठ्ठी घडी केली आणि मुलाच्या हातात दिली. चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘मी तीनदा घंटी वाजवली. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण आत्ता ठरवा.’

त्याने वाचलं. त्याचे कान लाल झाले. त्याने घंटीकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्या नजरेत आधी राग होता, आणि रागाच्या मागे असं काही की बाईंना वाटलं, हा आता रडेल किंवा उठून जाईल. त्याने चिठ्ठी मुठीत चुरगाळली.

“काय लिहिलंय?” मुलीने विचारलं.

मालकांच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. मालक तो उचलून “हो हो, एक मिनिट,” म्हणाले आणि रिसीव्हर हाताने झाकून बाईंकडे बघत राहिले.

“मी विचारतेय, काय लिहिलंय?”

मुलाने आपली खुर्ची उचलली आणि तिच्या अगदी समोर ठेवली. बसला. “बसस्टॉपवर काय विचारलं होतंस ते परत विचार. माझ्याकडे बघून. जरा मोठ्याने.”

“ही काय थट्टा आहे?”

“नाही. विचार.”

“बेटावर नेशील ना?”

त्याने डोळे मिटले. “मला ऐकू आलं, भेटायला येशील ना.”

“भेटायला?” मुलीने विचारलं.

“मागून बस आली होती,” तो म्हणाला. “मला ‘भेटायला येशील ना’ असंच वाटलं. मी म्हटलं, हो, नक्की, शब्द देतो. म्हणून येतो ना दर गुरुवारी. तूच सांगितलंयस, असं मला वाटत होतं. थट्टा नव्हती ती.” मग त्याने मूठ उघडून चुरगाळलेली चिठ्ठी तिच्या मांडीवर ठेवली. “मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. लाइनवर आठ वर्षं झाली. कारखान्यात कानांची तपासणी झाली तेव्हा कळलं. गेल्या वर्षी.”

मुलीने चिठ्ठी वाचली. तिने स्वतः हात पुढे करून घंटी वाजवली, टिंग, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग आणखी एकदा.

“आणि हे मला कधी सांगणार होतास?”

“आई म्हणाली, लग्न होऊ दे.”

“आई म्हणाली!” हा तिचा आवाज मात्र लायब्ररीतला नव्हता. “आणि तू म्हणालास, चालेल?”

ती उठली आणि सरळ ऑफिसच्या बाहेर गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती. मुलगा उठायला लागला तशा बाई म्हणाल्या, “बसा. तिला तिचं बोलू द्या स्वतःशी.” त्या हे म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना स्वतःलाच प्रश्न पडला. आपण नको तिथे नाक खुपसलं का? रस्त्यावरून एक रिक्षा आली, थांबली. मुलगी रिक्षावाल्याशी काहीतरी बोलली. मुलाने टेबलाची कड धरली. रिक्षा निघून गेली, आणि मुलगी तिथेच उभी होती.

मालकांनी फोनवर खालच्या आवाजात सांगितलं, “सोडून द्या ती खोली. हो, सोडा.” बावीस वर्षांत त्यांनी पदरात पडलेलं गिऱ्हाईक आपणहून सोडलेलं बाईंनी पहिल्यांदा पाहिलं.

तीन वाजून गेले होते तेव्हा ती आत आली. डोळे लाल, आवाज खणखणीत. त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली.

“एक. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मी येणार. दोन. तुझ्या आईंशी मी बोलणार, तू मध्ये पडायचं नाही. तीन. लग्नाचं मी आत्ता काही बोलत नाही, डॉक्टरकडून आल्यावर बोलेन. पण ताईंनी माझ्यासाठी दोन मिनिटं मागितली होती, मी त्यांचा अर्धा तास घेतलाय. तेव्हा जागा बघून ठेवू.”

“डोंगर गेला,” बाई म्हणाल्या.

“जाऊ दे. तू डोंगर का मागितलास?”

“तिथे आवाज नसतो. तू बोललीस की ऐकू आलं असतं.”

मुलीने नजर दुसरीकडे वळवली.

बाईंनी खालच्या कप्प्यातून एक जुनं, कडा दुमडलेलं माहितीपत्रक काढलं. त्यातलं कमिशन इतकं कमी होतं की मालक ते दर्शनी ठेवू देत नसत. मोठ्या तलावातलं एक बेट. पाच खोल्या, संध्याकाळी गाणी नाहीत, आणि जायला वल्ह्याची होडी. पाच रात्री आवाक्यात बसत नव्हत्या, तीन बसत होत्या.

“होडीत दोघांना समोरासमोरच बसावं लागतं,” बाई म्हणाल्या. “दुसरी सोयच नाही.”

“तुला कसं वाटतं?” मुलीने विचारलं, त्याच्याकडे बघून, शब्द सुटे सुटे करत.

तो ‘चा’ म्हणेपर्यंत बाईंचा हात घंटीकडे गेला होता. मुलगा थांबला. “मला होडीची भीती वाटते,” तो म्हणाला. “पोहता येत नाही. पण जायचंय.”

मुलीच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

पैसे भरायचे नव्हते. मुलीचा होकार येईपर्यंत नुसती नोंद ठेवायची असं ठरलं. बाईंनी फॉर्म भरला आणि शेवटचा रकाना त्याच्यापुढे केला. त्याने पेन बराच वेळ हवेत धरलं. मग शाळेतल्या मुलासारख्या गोल अक्षरात लिहिलं: ‘मला ऐकू कमी येतं. समोर येऊन बोलावं.’

मुलीने फॉर्म आपल्याकडे ओढला. वाचला. पुस्तकावर शिक्का मारावा तसा त्या ओळीवर अंगठा दाबला. मग तिने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं:

‘मी फार हळू बोलते. ऐकू आलं नाही तर मलाही सांगावं.’