माहेरचा खोकला

पार्वती गेली तेव्हा मी दवाखान्याच्या खाली टपरीवर चहा पीत होतो. तिनेच पाठवलं होतं. "अवो, जावा, चा पिऊन या. तुमचं तोंड बघून मलाच जास्त दम लागतो," असं म्हणाली. वर आलो तर नर्सबाईंनी नाकातली नळी काढून ठेवली होती आणि आमची मुलगी सुनंदा भिंतीला टेकून उभी होती. तिने नुसती मान हलवली. रडू मला तिथे आलं नाही. घरी आल्यावर गुरांना पाणी दाखवताना आलं. महाडच्या त्या दवाखान्यातून तिला घरी आणली त्याला आता दीडेक महिना झाला. भेटायला येणारी माणसं म्हणतात, फार गरीब स्वभावाची बाई. हे खोटं आहे. बाई तिखट होती. आजारी होती म्हणून लोकांना गरीब वाटायची.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं घर. तिचं माहेर डोंगरापलीकडच्या खोऱ्यात. लग्न होऊन आली त्या सालापासून पावसाच्या शेवटाला तिला खोकला धरायचा तो होळीपर्यंत सोडायचा नाही. तिच्या बापाला तसाच होता, भावाला तसाच होता. भाऊ तर ऐन उमेदीत गेला. कुणी टीबी म्हणालं, कुणी म्हणालं त्यांच्या घराला देवाचा कोप आहे. माझी आई म्हणायची, "भांडी आणलीस चार, आन् वर माहेरचा खोकला घेऊन आलीस गो!" पार्वती म्हणायची, "भांडी तुमच्यात वाटून घेतलीत ना, खोकला तरी माझा मला ऱ्हाऊ द्या." आई हसायची. दोघींचं असंच चालायचं. पण तो शब्द घरात रुजला. शेजारीसुद्धा विचारायचे, काय, माहेरचा खोकला आला का यंदा?

आमच्याकडे खोकला म्हटलं की पहिलं नाव धुराचं. चुलीचा धूर, पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजतात त्याचा धूर. म्हणून आईने तिला चुलीवरून उठवलं आणि हलकं काम म्हणून गोठा दिला. पार्वतीही खूश झाली, तिचं माणसांपेक्षा गुरांशी जमायचं. आता गोठ्यावरच्या माळ्यात पेंढा असतो. पावसाळ्यात खालचा थर ओल धरतो, त्याला बुरशी येते, आम्ही भुरी म्हणतो. गुरांच्या पोटात भुरी जाऊ नये म्हणून पार्वती एकेक पेंढी हातात घेऊन दणादण झटकायची. सगळी भुरी उडून जायची. कुठे जायची? तिच्या छातीत. धुरापासून वाचवायची म्हणून बाई आम्ही बुरशीत नेऊन बसवली. सगळ्यांच्या मते तिला आराम होता, तिच्याही मते.

टीबीच्या गोळ्या तिने दोनदा घेतल्या. पहिल्या वेळेला थोडं बरं वाटलं, दुसऱ्या वेळेला काहीच नाही. थुंकीत रक्त यायला लागलं. हळदीकुंकवाला गेली की तिचा कप वेगळा ठेवायचे. ती घरी येऊन सांगायची, "आज मला पावन्यांचा कप दिला, फुलाफुलांचा. तुमच्या बहिणीला कानतुटका दिला." शेवटी महाडच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे कळलं की टीबी नाही, छातीत बुरशी वाढली आहे आणि उशीर झाला आहे. मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मी त्याच गोठ्यात वाढलो, मला का नाय झालं?"

त्या म्हणाल्या, "बुरशीचे कण सगळ्यांच्याच छातीत जातात, आजोबा. बहुतेकांचं शरीर ते साफ करून टाकतं. काही जणांचा पहाराच जन्मापासून कच्चा असतो, आणि तो घराण्यात उतरू शकतो. यांच्या माहेरी कुणाला असा त्रास होता?"

पार्वती माझ्याकडे बघायला लागली आणि खोकत खोकत हसली. "म्हंजे सासूबाय खरं बोलत व्हत्या. माहेरचाच हाय!" मग हसू थांबलं. म्हणाली, "बाई, मग माझ्या पोरीचं काय?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असेलच असं नाही, पण तपासून घ्या. सुनंदाला बिरवाडीच्या पुढच्या गावात दिली आहे. घरी गुरं आहेत, आणि दोन पावसाळे तीही खोकत होती. पण ती तपासून घ्यायला तयार होईना. "सासरी काय सांगू? रोगट घरातली पोर गळ्यात मारली म्हनतील. जावेला तेवढंच पायजे." पार्वतीने समजावलं, शिव्या दिल्या, दोन दिवस बोलली नाही. काही उपयोग झाला नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी मला म्हणाली, "ती ऐकायची नाय. तुम्ही तिच्या सासूला सांगा. तुम्हाला गोड बोलता येत नाय, तेच बरं हाय..."

तेरावं झाल्यावर मी गेलो. चहा आला. मी कपाला हात लावायच्या आधीच सांगून टाकलं. हिच्या आईच्या रक्तात हे होतं, हिच्यातही असेल, नसेल, हिला तुमच्या गोठ्यात राबवू नका. सुनंदाने पदर तोंडाशी धरला. विहीणबाईंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "व्याही, हे लग्नाच्या टायमाला सांगायचं व्हतंत."

"तवा कुणाला ठावं व्हतं? आम्ही धूर धूर करत बसलो व्हतो."

"आमच्यात साखर हाय. माझी सासू पाय कापून मेली. आम्ही तरी कुठं सांगितलं तुम्हाला?" असं म्हणून त्या सुनेकडे वळल्या. "आन् तू गो! मी तुला पावसात भिजका पेंढा उपसायला लावते, आन् तू तोंड शिवून बसतेस? आजपासून गोठा माझा. तू माझ्या डोळ्यासमोर ऱ्हायचंस, खोकलीस तर ऐकू येईल मला."

मला वाटलं होतं भांडण होईल. मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो.

मागच्या आठवड्यात सुनंदाची तपासणी झाली. छाती साफ आहे. खोकला बुरशीच्या वाऱ्याचा आहे, अजून काही धरलेलं नाही. दर वर्षी दाखवायचं, भुरीपासून लांब राहायचं. हे मी पेपरात छापायला दिलं ते एवढ्यासाठीच. कुणाच्या घरी असा पिढीजात खोकला असेल तर नुसत्या धुराला आणि देवाला दोष देत बसू नका, घरात कुणाकुणाला तो होता ते डॉक्टरला सांगा.

दवाखान्यातून सुनंदा माझ्याबरोबर घरी आली. एसटीतून उतरलं की आमच्या घरापर्यंत खडा चढ आहे. मध्ये फणसाजवळ वळण आहे, तिथे मी थांबलो. पार्वती मागून यायची, तिच्यासाठी थांबायची सवय. ती यायची, कमरेवर हात ठेवायची, श्वास पुरला की म्हणायची, "तुम्ही दमलात वाटतं!" सुनंदा माझ्या बाजूने पुढे गेली. वर जाऊन वळली.

"बाबा, का थांबलाव? दमलाव?"

"नाय," म्हटलं. "तू चाल."

ती चालायला लागली. कुठेही न टेकता, न खोकता, पार दारापर्यंत गेली. मी खाली फणसाजवळ आणखी थोडा वेळ उभा राहिलो.