डोळे मिटून ऐकणारा मिस्त्री

"मी हाक मारते ती ऐकू येत नाही, आणि इंजिनाच्या पोटातलं बरं ऐकू येतं तुम्हाला!" भावजय म्हणाली.

"इंजिन एकदाच बोलतं," भाऊ म्हणाला. "तू एकच गोष्ट दहादा सांगतेस."

"नऊदा वाया जाते म्हणून दहाव्यांदा सांगते!"

आक्का तेव्हा स्वयंपाकघरात धुण्याच्या घड्या घालत होती. पुढे धाकट्या भावाचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान, मागे घर, आणि मधे प्लायवूडची भिंत. त्या भिंतीला वर बोटभर फट. दुसऱ्याचं भांडण ऐकू नये हे आक्काला कळत होतं, पण कान काही खुंटीला टांगून ठेवता येत नाहीत.

भावजयीचं म्हणणं साधं होतं. कानांनी दगा द्यायला सुरुवात केली आहे, कंबर तर कधीच गेली, आता दुकान बंद करा. त्यावर भाऊ असा तापला की हातातला पाना दाणकन खाली पडला.

"ज्या दिवशी इंजिनाचं दुखणं ओळखायला चुकेन ना, त्या दिवशी माझ्या हाताने शटर ओढीन. आक्का साक्षीदार! काय गं आक्के, ऐकतेयस ना?"

आक्काने भिंतीआड पुढची घडी घातली. आपण ऐकतोय हे ऐकू न येणाऱ्याला कसं कळलं, हेच तिला कळेना.

त्या गोष्टीला बारा वर्षं झाली. दुकान चालूच राहिलं.

भावाला सगळे कानमिस्त्री म्हणत. गाडी आली की तो ती स्टँडवर लावायचा, किक मारायचा आणि एक हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढायचा. टोक इंजिनावर, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर, आणि डोळे घट्ट मिटलेले. मग टोक बोटभर सरकवायचं, पुन्हा ऐकायचं. गिऱ्हाईक काही बोलायला गेलं तर त्याला हातानेच गप्प करायचं. कानाच्या डॉक्टरांनीही पुढे सांगितलं होतं, की हवेतून आलेला आवाज यांना कमी ऐकू येतो, पण हाडातून गेलेला अजून चांगला पोचतो. भावजय म्हणाली, "म्हणजे आता मीही यांच्या डोक्याला डोकं लावून बोलू की काय?"

दुसरी रीत त्याहून न्यारी. गाडीवर वजन पडल्याशिवाय इंजिन खरं बोलत नाही, असं त्याचं मत. म्हणून दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी तो स्वतः मालकाच्या दारात नेऊन द्यायचा, आणि वजन म्हणून मागे भावजय. तिच्या हातात भाजीची पिशवी. गाडी पोचवायची, येताना दोघांनी भाजी घेऊन चालत यायचं. गल्लीतल्या यच्चयावत मोटरसायकलींवर ती एकदा तरी बसली होती. "मालकिणींच्या आधी मी बसते," असं ती सांगायची. पण आक्काला दिसत होतं ते वेगळंच. मागून ट्रक आला की भावजय त्याच्या खांद्यावर एक थाप मारायची, वळायचं असेल तर दोन. तो एकटा गेला, तर त्याला हॉर्न कोण ऐकवणार? दुकान बंद करा, हा तिचा धोशा त्यातून आला होता. भाऊ मात्र म्हणायचा, बाईला माझ्या धंद्याचा मत्सर वाटतो.

मग एके सकाळी निवृत्त पोस्टमन आपली गाडी ढकलत घेऊन आले. जन्मभर टपाल वाटलं ते याच गाडीवर. आता हेडलाइट लुकलुकायचा, इंडिकेटर मनाला येईल तेव्हा लागायचा, आणि उभ्या गाडीच्या इंजिनातून टक-टक असा आवाज.

"बाजारातला गॅरेजवाला म्हणतो इंजिन गेलं, भंगारात द्या," पोस्टमन म्हणाले. "तुम्ही ऐका. तुम्ही गेलं म्हणालात तर गेलं."

भावाने मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, "इंजिन धडधाकट आहे. नुसते झडपांचे टॅपेट ढिले आहेत. आणि दिव्याचं दुखणं निराळं, ते वायरीचं."

त्याने टॅपेट बसवले. बॅटरीची टोकं घासली, दोन सडक्या वायरी बदलल्या. भावजयीसकट गाडी पोचवूनही आला. वाटेत आवाज दबल्यासारखा वाटला म्हणे.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन पुन्हा दारात. गाडी ढकलतच. त्यांनी सरळ किक मारली. टक-टक-टक. आणि दिवा लुकलुक.

"राहू द्या हो मिस्त्री," ते म्हणाले. "तिचंही वय झालं, आपलंही."

हे मात्र भावाला चोख ऐकू आलं. त्याने इंजिन चालूच ठेवलं आणि फळीवरचे पाने एकेक करून पेटीत घालायला लागला, मोठ्याशेजारी मोठा, लहानाशेजारी लहान. मग आत बघून म्हणाला, "आक्के, तू साक्षीदार होतीस. चुकलो मी."

 आक्काने भावजयीकडे पाहिलं. बारा वर्षं जे मागत होती, ते पदरात पडत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

भावजय लसूण सोलत होती. सोलता सोलता थांबली. भिंतीच्या वरच्या फटीतून हेडलाइटची पट्टी आत छताखाली पडली होती, ती अंधारायची आणि उजळायची. भावजय टक लावून बघत राहिली. मग हातातलं ताट आदळून तरातरा दुकानात गेली.

"अहो!"

त्याला ऐकू गेलं नाही. तिने सरळ त्याचा दंड धरला, फरफटत गाडीपाशी आणलं, स्क्रूड्रायव्हर हातात कोंबला आणि ओरडली, "ऐका! पण डोळे उघडे ठेवून ऐका!"

"डोळे उघडले की ऐकू येत नाही मला."

"येतंय का बघा आधी! तीस वर्षं झाली डोळे मिटून ऐकताय. समोर बघा, दिव्याकडे!"

त्याने मूठ हाडाला लावली, आणि दिव्याकडे पाहिलं. टक झालं की दिवा मंद. टक झालं की दिवा मंद. एकदाही चुकामूक नाही.

"अरेच्चा," भाऊ म्हणाला. मग स्वतःच्या कपाळावर काळा हात मारून घेतला. "दोन दुखणी नाहीत, एकच आहे! दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला देत बसलो मी."

त्याने डावीकडचं झाकण उघडलं. आत वीज तयार करणारं चुंबकाचं चाक असतं, दांड्यावर बसवलेलं. त्याचा नट सैल झाला होता आणि चाक जागेवर धरणारी बोटाच्या पेराएवढी पट्टी झिजली होती. चाक डुगडुगायचं, ठोके पडायचे, आणि वीजही तशीच धडपडत दिव्यापर्यंत जायची. पोस्टमन वाकून वाकून बघत होते, जणू हरवलेलं पत्र सापडलं.

नवी पट्टी बसली, नट आवळला. किक. टकटक नाही. दिवा स्थिर.

"झालं ना?" भावजय म्हणाली. "आता ते पाने काढा पेटीतून. वचन माझ्याशी भांडताना दिलं होतंत, मीच परत देते."

"तू कोण परत देणारी? चुकलो तर चुकलोच."

"मी सांगितलं म्हणून सापडलं ना!"

"म्हणूनच. मिस्त्री तू झालीस, मी नाही." तो हसला. आक्काला वाटलं होतं, आता रडेल. "आणि मला रस्त्यावर एकट्याने सोडायला तू कुठे तयार आहेस? ट्रक येतो तेव्हा कोण थाप मारतं, ते काय मला कळत नव्हतं?"

भावजयीने तोंड फिरवलं आणि खुंटीवरची पिशवी काढली.

पोस्टमन रिक्षाने पुढे गेले. त्यांना गाडीवर बसू दिलं नाही, गाडी दारात नेऊन देणार तो मिस्त्रीच. भावाने हात धुतले, पाने पेटीत तसेच ठेवले, शटर खाली ओढून कुलूप लावलं. नेहमीसारखं एकदा ओढूनही पाहिलं. मग गाडीवर बसला, मागे भावजय, पिशवी मांडीवर.

"अरे, येताना लिंबं आण चार!" आक्का दारातून ओरडली.

त्याला काही ऐकू आलं नाही. भावजयीने मागे हात वर करून ऐकल्याचं सांगितलं आणि त्याच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. गाडी वळली.