रिठ्याच्या अर्काची बाटली

परवा भाईंदर पूर्वेच्या बाजारात गोणीतल्या रिठ्यांचा वास आला आणि मला एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आठवलं. रिठ्याच्या अर्काने मातीतलं शिसं धुऊन काढायचं, हा माझा प्रकल्प होता. घोडबंदरच्या एका बंद पडलेल्या बॅटरीच्या शेडमागची माती कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवली होती, पण अर्क मी घरीच, आईच्या ओट्यावर उकळून बाटलीत भरला होता. प्रकल्प सादर करायला चार दिवस उरले असताना तो मातीत ओतून ढवळला, तर फेसाचा एक बुडबुडा नाही आणि शिसं जागच्या जागी. सर म्हणाले, "आता विषयही बदलता येणार नाही." रडवेली होऊन घरी आले, तर आईचे केस कधी नव्हे इतके चमकत होते. "लग्नाला जायचं होतं गं," ती म्हणाली, "बाटली रिकामी दिसू नये म्हणून पाणी भरून ठेवलं." मग तिनेच रिठे फोडले, बिया काढल्या, भिजवले आणि मंद आचेवर उकळले. त्या अर्काने माती फेसाळली आणि बरंचसं शिसं पाण्यात उतरलं. वहीत पहिल्या बाटलीपुढे मी खरं तेच लिहिलं, 'साधं पाणी'. सरांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिले. "नुसत्या पाण्याने काही होत नाही, हे आधी तपासलंस ते उत्तम केलंस. कोणी सुचवलं?" "आईने," मी म्हणाले. आता मी स्वतः शिकवते, आणि तुलनेला साध्या पाण्याचा नमुना हवाच, हे मुलांना सांगताना चेहरा गंभीर ठेवणं मला फार जड जातं.