रोह्यात मिळालेला पिस्टन

“भावोजींना रोह्याच्या देवळाबाहेर पांढऱ्या धोतरातल्या एका वृद्धाने पिस्टन दिला. भावोजी मागे वळून पाहतात, तो वृद्ध नाहीसा! देव धावला खरा. पण ताईला त्याचा काय उपयोग? तिला आता माणूसच ओळखू येत नाही.”

हा वृत्तान्त माझा धाकटा मेहुणा प्रत्येक भजनानंतर पेणभर सांगत असतो. मी भूमापन खात्यात आयुष्य घालवले. शेजाऱ्याने बांध हातभर सरकवला तर मी तो खपवून घेतला नाही. मग माझ्याच आयुष्यातील हकीकत कोणी सरकवलेली कशी चालेल? या वृत्तान्तातील वृद्ध खोटा आहे, त्याचे नाहीसे होणे खोटे आहे, आणि शेवटचे वाक्य तर सर्वांत खोटे आहे. म्हणून घडले ते घडले तसे लिहितो.

माझ्या पत्नीची स्मृती दोन-तीन वर्षांपासून विझत चालली आहे. माझी शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल फाटकाशी वाजली की चहाचे आधण ठेवायचे, हा तिचा संसारभराचा क्रम. आजारात नावे गेली, नाती गेली, परंतु हा क्रम टिकला. त्या आवाजामागून घरात येणारा माणूस आपला नवरा, एवढे तिला पक्के कळे. मी पायी आलो, तर मात्र मी परका. “बसा हं. हे येतीलच एवढ्यात. गाडी वाजली की कळेल,” असे म्हणून ती मला खुर्ची देई आणि पाहुण्याचा मान म्हणून दोन चमचे साखर घातलेला चहा करी. मला मधुमेह आहे. माझ्या चहातली साखर कित्येक वर्षांपूर्वी तिनेच बंद केली होती, आणि त्या बाबतीत ती पोलिसाहून कडक. पण पाहुण्याला काय ठाऊक? पाहुणा मुकाट्याने तो गोड चहा पिई.

अशात गाडीचे इंजिन जाम झाले. रामवाडीच्या इस्माईल मिस्त्रीने ते खोलून दाखवले: पिस्टन झिजलेला, सिलिंडरला आतून खोल ओरखडे. सिलिंडर कापून मोठा करायचा, म्हणजे बोर मारायचा, आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवायचा, एवढाच उपाय होता. तो म्हणाला, “काका, घाई करू नका. आधी पिस्टन हातात येऊ द्या, मग बोर मारू.” मी म्हणालो, “जन्मभर मोजणी केली आहे. तू मला माप शिकवू नकोस.” आणि सिलिंडर उचलून मी स्वतः लेथवाल्याकडे गेलो. ओरखडे पुरते जावेत म्हणून पंचाहत्तरच्या, म्हणजे पाऊण मिलिमीटर वाढीव, मापापर्यंत तो कापून घेतला. इस्माईलने सिलिंडरमध्ये बोट फिरवले आणि मान हलवली. “आता पंचाहत्तरचाच पिस्टन पायजे. लहान चालणार नाय, अन् अजून कापाल तर भिंतच राहणार नाय.”

पंचाहत्तरचा पिस्टन पेणमध्ये नव्हता, वडखळला नव्हता, मुंबईच्या दुकानदारांनी फोनवरच हात वर केले. मेहुण्याने अक्कल लढवली. त्याच जातीच्या गाडीचा आवाज मोबाइलवर शोधून फाटकाशी लावला. त्याची बहीण आतून ओरडली, “कोण रे तो, बंद कर ते!” इकडे ती रोज दुपारपासून खिडकीशी बसू लागली. “यांना आज फार उशीर झाला हो,” ती मला सांगे, आणि डोळे पुशी. ती ज्याची वाट पाहत होती तो मी, तिच्याच समोर पाहुणा होऊन बसलेलो असे. माझ्या गर्वाची शिक्षा ती भोगीत होती. हे मला कळत होते, परंतु मी ते कोणाजवळ कबूल केले नव्हते. देवाजवळ तर नाहीच. देवाजवळ मी काही मागत नसे.

रोह्याला पूर्वी कंपनीच्या शिफ्टला जाणाऱ्यांकडे अशा गाड्या पुष्कळ होत्या, असे इस्माईलने सांगितले, म्हणून पत्नीला सूनबाईवर सोपवून एसटीने रोह्यास गेलो. चार दुकाने फिरलो. चौथा म्हणाला, “आजोबा, ती गाडी आता भंगारात द्या, नायतर फुलं वाहून पूजा करा तिची.” पाय दुखू लागले तेव्हा धावीर महाराजांच्या देवळात टेकलो. ज्याच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, त्या देवासमोरही मी ताठ मानेनेच बसलो होतो. पण समोर पाहता पाहता तोंडून निघाले, “चूक माझी आहे. मी आधी कापले.” नवस नाही, मागणे नाही, एवढेच.

बाहेर पडून स्टँडकडे परतताना एका बंद पडलेल्या गॅरेजचे शटर अर्धे उघडे दिसले. आत साठीच्या एक बाई खोकी उपसत होत्या. दुकान चालवणारे त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले होते. सामान नेण्यास दुपारी भंगारवाला येणार होता. मी त्यांना गाडी सांगितली, माप सांगितले, आणि का कोण जाणे, माझी चूकही सांगितली. त्या पदराने घाम पुसत हसल्या. “आधी पिस्टन, मग बोर! आमचे हे रोज ओरडायचे गिऱ्हाइकांवर. ऐकतंय कोण?” त्यांनी खोक्यांवरची यजमानांच्या हातची अक्षरे वाचायला सुरुवात केली. पंचवीस. पन्नास. पुन्हा पन्नास. सर्वांत खाली, तेलकट कागदात गुंडाळलेला, रिंगांसह, पंचाहत्तर.

“एवढा जीव का टाकताय गाडीवर?” त्यांनी विचारले. मी चहाची गोष्ट सांगितली. मग पिस्टन माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, “न्या. चालू झाली की एकदा इथं आणा. तो आवाज मलापण ऐकायचा हाय.”

तेव्हा मेहुण्याने नोंद घ्यावी: त्या नाहीशा झाल्या नाहीत. गाडी घेऊन मी त्यांच्या दारी गेलो, त्यांनी डोळे मिटून ती ऐकली, आणि मला जेवल्याशिवाय सोडले नाही. हे देवाने केले की योगायोगाने, हा वाद मी घालत नाही. एवढेच जाणतो की जोवर मी बरोबर होतो, तोवर एकही दार उघडले नाही. देवाला शरण जाणे म्हणजे हात पसरणे, असे समजून मी जन्मभर दूर राहिलो. ते केवळ खरे बोलणे निघाले. त्याबद्दल त्या महाराजांचा आणि त्या बाईंचा मी ऋणी आहे.

राहिले मेहुण्याचे शेवटचे वाक्य. पत्नी बरी झालेली नाही; आज सकाळीच तिने मला माझे गाव विचारले. परंतु इस्माईलने इंजिन बांधून दिले त्या दुपारी मी गाडी फाटकाशी आणून बंद केली, तेव्हा आत भांडे वाजले. सूनबाई मदतीला उठली, तिला हिने हातानेच थांबवले. मी खुर्चीत बसलो. कप समोर आला. “केवढा उशीर,” ती म्हणाली. मी घोट घेतला.

चहात साखर नव्हती.